ही बाहेर हॉलमध्ये होती

कात्रीअप्पांच्या सलूनमध्ये डोकं दिलं की कानही द्यावे लागत. गळ्याभोवती पांढरं कापड बांधल्यावर माणूस पळणार कुठे? अप्पा कोपऱ्यातल्या रेकॉर्डप्लेयरवर सुई टेकवत, वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांची विलायती नाचाची धून, सुरू होई आणि मानेमागे कात्री चालू लागे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिल्या ठोक्याला केस कापायचे आणि उरलेल्या दोन ठोक्यांना कात्री नुसती हवेत वाजवायची, असा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे अप्पांकडे वेळ तिप्पट लागे. घाईची माणसं चौकातल्या दुसऱ्या दुकानात जात. अप्पा त्यांना माणसांत धरत नसत.

त्या रेकॉर्डप्लेयरला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या लेकीने खेळता खेळता वेगाचं बटण फिरवलं होतं. वॉल्ट्झ एकदम पळत सुटला, त्याच्यामागे अप्पांचा हात सुटला, आणि हातात नेमका वस्तरा होता. गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरची ती खूण अजून दिसते म्हणतात. त्याच दिवशी अप्पांनी बटण तेहतीसवर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या संथ वेगावर ठेवलं आणि त्यावर चिकटपट्टी मारली. पुढे ती पट्टी पिवळी पडली, तिच्या कडांना बारीक केस चिकटले, आणि तिच्याखाली बटण आहे हेच अप्पा विसरून गेले.

आणि मग ती गोष्ट. नव्या गिऱ्हाइकाला ती ऐकल्याशिवाय उठता येत नसे. अप्पांचं नुकतंच लग्न झालेलं असताना, ज्यांच्या रेकॉर्डी ते लावत ते बँडमास्तर आपला सगळा ताफा घेऊन गावात आले होते. अप्पा बायकोला घेऊन हॉलमध्ये जाऊन बसले. पडदा वर जायच्या आधी एक माणूस धावत आला आणि विचारू लागला, इथे कुणी केस कापणारं आहे का? बँडमास्तरांना आरशात स्वतःची मान आवडली नव्हती. अप्पा उठले.

"मी म्हटलं, साहेब, मान हलवू नका. तर म्हणतात कसे, मी कुठे हलतोय, आतला वॉल्ट्झ हलतोय! मग मला म्हणाले, आता इथेच थांब. सबंध कार्यक्रम मी पडद्याआडून ऐकला, हातात कंगवा घेऊन. हा बघा तो कंगवा."

कंगवा वरच्या खणात मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला असे.

"आणि काकू?" एखादं चौकस गिऱ्हाईक विचारी.

"ही बाहेर हॉलमध्ये होती," अप्पा म्हणत आणि कंगवा गुंडाळून ठेवत.

काकू तेव्हा मागच्या पडद्याआड टॉवेल पिळत असत. सगळं त्यांना ऐकू येई. त्या काही बोलत नसत.

दुकान सोमवारी बंद असे. त्या दिवशी दुपारी अप्पांच्या खुर्च्यांवर चाहते मंडळींची बैठक भरे. एक पोस्टमन, एक बेकरीवाला आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. बाकीचं गाव सिनेमाची गाणी ऐकत असताना ही तीन डोकी अप्पांनी एकेक करून वॉल्ट्झकडे वळवली होती, तीही बहुतेक केस कापता कापता. कुठली रेकॉर्ड लावायची, कधी डोळे मिटायचे आणि कुठे 'वा' म्हणायचं, हे अप्पा ठरवत. चहा काकू आणत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहायला आल्या. बाई मोकळ्या, खळखळून हसणाऱ्या. वॉल्ट्झ ऐकून आपण होऊन आत आल्या आणि मंडळात बसल्या. तिसऱ्या का चौथ्या सोमवारी त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. मागच्याच वर्षी त्या आगगाडीने चांगला लांबचा प्रवास करून बँडमास्तरांच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. फोटोत पांढऱ्या केसांचे बँडमास्तर हसत होते आणि त्यांचा हात बाईंच्या खांद्यावर होता.

फोटो हातोहात फिरला. पोस्टमनने तो दोनदा पाहिला. भूगोलाच्या बाई "अगंबाई" म्हणाल्या. अप्पांच्या हातात आला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"मानेवर केस फार वाढू दिलेत त्यांनी," अप्पा म्हणाले आणि फोटो परत केला.

पण त्या दिवसापासून अप्पांच्या पोटात दुखायला लागलं. औषध घेऊन थांबेल असं ते दुखणं नव्हतं. आपल्या बँडमास्तरांच्या खांद्याला खांदा लावून ही बाई उभी राहते! आपण त्यांच्या मानेला हात लावला होता, आणि हिला त्यांनी आपण होऊन हात लावला. या दोन हातांचा हिशेब अप्पा रात्रंदिवस मांडत बसत आणि दर वेळी तोट्यात येत. समोरच्या खिडकीत दिवा लागला तरी त्यांचा जळफळाट होई. बाईंनी बैठकीला बिस्किटं आणली, तर अप्पांना ती मऊ पडलेली वाटली. बेकरीवाल्याकडचीच होती ती, पण अप्पांनी खाल्ली नाहीत.

अशात बँडमास्तरांचा नवा अल्बम आला. कितीतरी वर्षांनी आलेला, आणि मंडळी म्हणत होती की हा बहुधा शेवटचा. दोन रेकॉर्डींचा जाडजूड संच होता. अप्पांनी रेकॉर्डच्या दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं होतं की गावातली पहिली प्रत मला, आणि समोरच्या बाईंना त्यानंतर.

सोमवारी बैठक भरायच्या आधीच रविवारच्या वर्तमानपत्राने घोळ घातला होता. तिथल्या टीकाकाराने अल्बमची साफ धूळधाण केली होती. बँडमास्तर म्हातारे झाले, त्यांच्या वॉल्ट्झला आता दम लागतो, यावर नाचायचं तर पायाला वजनं बांधून नाचावं, असं बरंच काही लिहिलं होतं. मंडळी संतापून आली. "याला वाजवून दाखवायला पाहिजे," पोस्टमन म्हणाला. अप्पांनी समारंभपूर्वक सुई टेकवली.

वॉल्ट्झ निघाला. म्हणजे निघाला असं म्हणायचं; तो जागचा उठतच नव्हता. एक... मग बराच वेळ... दोन... व्हायोलिनं घसा बसल्यासारखी खालच्या आवाजात घरंगळत होती. बेकरीवाल्याने खुर्चीत चुळबुळ केली. भूगोलाच्या बाईंनी छताकडे पाहिलं. टीकाकाराचं खरं आहे की काय, असं प्रत्येकाच्या मनात आलं. ते अप्पांच्याही मनात आलं. म्हणूनच ते सगळ्यांच्या आधी बोलले.

"खोली," अप्पा म्हणाले. "खोली बघा. तरुणपणी माणूस गिरक्या घेतो. म्हातारपणी एकच गिरकी, पण आयुष्यभराची."

आणि आश्चर्य म्हणजे बोलता बोलता त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. दुसऱ्या बाजूला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्राला खरमरीत पत्र पाठवलं, ते छापून आलं, आणि त्याचं कात्रण आरशाच्या कोपऱ्यात खोचलं गेलं. त्या दिवसांत अप्पांची कात्रीही त्याच खोलीने चालू लागली. एका नवरदेवाला आपल्याच साखरपुड्याला उशीर झाला.

पुढच्या बैठकीपर्यंत डॉक्टरीणबाईंनीही आपली प्रत घरी ऐकली होती.

"अप्पा, काय आनंदी अल्बम आहे हो!" त्या दारातूनच म्हणाल्या. "मला तर बसवेना."

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"आनंदी?"

"म्हणजे काय! पाय आपोआप हलतात. तुम्ही इथे लावलात तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. अप्पा, रागावू नका, पण एकदा तुमचं मशीन बघू या का?"

"मशीनला काय धाड भरलीय?" अप्पांचा आवाज चढला. "तुम्ही जन्मल्या नसाल तेव्हापासून मी या मशीनवर त्यांना ऐकतोय. खांद्यावर हात पडला म्हणून कान येत नाहीत, बाई. दात उपटणं वेगळं आणि गाणं ऐकणं वेगळं."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पर्स उचलली, काकूंना "येते हं" म्हणाल्या आणि गेल्या. अप्पांनी पहिली रेकॉर्ड पुन्हा लावली. मिटलेल्या डोळ्यांआड त्यांना फार बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं टिकलं नाही. दोनच दिवसांनी पोस्टमन समोरच्या जिन्यात शिरताना दिसला, तोही हातात एकही पत्र नसताना. मग बेकरीवाला, अंगावर चक्क इस्त्रीचा शर्ट घालून. मग भूगोलाच्या बाई गुडघे धरत धरत चढल्या. अप्पा गिऱ्हाइकाचं डोकं खिडकीच्या दिशेने वळवत आणि कापता कापता पाहत. फोडली, बाईने आपली माणसं फोडली! सोमवारी मात्र सगळे वेळेवर हजर. बेकरीवाला "वा" म्हणाला. पोस्टमनने तर डोळे मिटून "काय खोली आहे" असं म्हटलं. अप्पांना वाटलं, लाज वाटतेय लेकाच्यांना.

मग एका दुपारी काकू म्हणाल्या, "अहो, माझी दाढ दुखतेय. समोर जाऊन दाखवून येते."

दुसऱ्या दिवशीही दाढ दुखली. तिसऱ्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसून दाढ दाखवायला गेल्या. अप्पांनी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल टाकला, "आलोच" म्हणाले आणि रस्ता ओलांडला.

जिन्यातच त्यांना वॉल्ट्झ ऐकू आला. हलका, उसळता, आपल्याच आनंदात भिरभिरणारा. अप्पा थबकले. हे बँडमास्तरांचं नव्हतं. म्हणजे इथे भलत्याच कुणाचं तरी ऐकतात तर! अप्पांनी दार ढकललं.

टेबलं भिंतीला सरकवलेली होती. मध्ये बेकरीवाला नाचत होता, आणि त्याच्या हातात हात देऊन काकू नाचत होत्या. एवढा अगडबंब माणूस, पण पावलाचा आवाज नाही. काकूंचा चेहरा लाल झाला होता, ओठांवर हसू होतं, एक बट सुटली होती, आणि त्या वळत होत्या, पुन्हा वळत होत्या. अप्पांना आधी वाटलं, ही दुसरीच कुणी बाई आहे. मग छातीत असं काही पेटलं की त्यापुढे फोटोचं दुःख पोरखेळ वाटावं.

"कुणाची रेकॉर्ड आहे ही?" त्यांनी कसंबसं विचारलं.

रेकॉर्ड तशीच फिरत होती. टेबलावर नव्या अल्बमचं पाकीट पडलं होतं. डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि त्यांनी रेकॉर्डवरच्या कागदी चकतीवर बोट ठेवलं. तिथे तिळाएवढ्या अक्षरात पंचेचाळीस लिहिलं होतं.

"अप्पा, या वेगाने लावायची होती. छापताना फारच बारीक छापलंय. कुणाचंही चुकेल."

अप्पांच्या डोळ्यांपुढे ती पिवळी पट्टी आली.

"टीकाकाराचंही तेच झालं असणार," भूगोलाच्या बाई समजूत घालायला म्हणाल्या. त्याने समजूत पटायची सोडून अप्पांची अधिकच शोभा झाली. उभ्या जगात तो अल्बम चुकीच्या वेगाने ऐकून वर त्याबद्दल छापून आणलं होतं ते दोघांनीच, एक अप्पांनी आणि एक त्या टीकाकाराने.

"तुम्हा सगळ्यांना कधीपासून माहीत आहे?"

पोस्टमन बुटांकडे बघू लागला. अप्पांना सोमवारचं "काय खोली आहे" आठवलं. हे सगळं कळूनही मंडळी येत होती, डोळे मिटून बसत होती, वा म्हणत होती. हसली असती तर परवडलं असतं. त्यांनी सांभाळून घेतलं होतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेतात तसं.

अप्पा जिना उतरले. टॉवेलखालचं गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं, तशाच अर्ध्या दाढीने. अप्पांनी वस्तरा घेतला आणि बटणावरची पट्टी हलक्या हाताने खरवडून काढली. आरशातलं कात्रण काढून खिशात टाकलं. मग रेकॉर्ड लावली. दुकान एकदम उजळल्यासारखं झालं. बँडमास्तर मुळीच म्हातारे झालेले नव्हते.

मागून काकू आल्या आणि टॉवेलांच्या घड्या घालू लागल्या.

"त्या पत्राच्या दिवशीच मी चकतीवरचा आकडा वाचला होता," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कात्रण लावून इतके खूश होतात. म्हटलं राहू दे."

अप्पांना आकड्याचं काही पडलं नव्हतं.

"तुला नाचता कधी यायला लागलं?"

"त्या दिवशीच की. तुम्ही आत केस कापत होतात तेव्हा."

"हॉलमध्ये?"

"हो. मग लोकांनी खुर्च्या बाजूला सारल्या, सगळे नाचायला उठले. मीही उठले. शेवटच्या वॉल्ट्झपर्यंत बसलेच नाही."

अप्पांनी सुई उचलली.

"कुणाबरोबर?"

काकूंनी हातातली घडी पुरी केली आणि ती बाकीच्या टॉवेलांवर ठेवली.

"आता विचारताय?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या. तसलं हसू अप्पांनी मघाशी समोरच्या माडीवरच पहिल्यांदा पाहिलं होतं.

पुढच्या सोमवारी अप्पा स्वतः जिना चढून गेले आणि डॉक्टरीणबाईंना बैठकीला घेऊन आले. फोटो मागून घेऊन आरशाच्या कोपऱ्यात लावला. बाईंनी तर आता सगळ्या बँडशी खांदे लावले असते तरी अप्पांनी डोळा वर केला नसता. बेकरीवाल्याशी मात्र ते अजून तुटक बोलतात.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. कापड बांधलं, वॉल्ट्झ लागला, गोष्ट सुरू झाली. मान, पडदा, कंगवा, सगळं यथासांग झालं.

"आणि काकू?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"ही बाहेर हॉलमध्ये होती," अप्पा म्हणाले. कात्री मध्येच थांबली. पडद्याआड टॉवेल पिळण्याचा आवाजही थांबला.

"मग?"

"मग काय," अप्पा आरशातून पडद्याकडे बघत म्हणाले, "तेच तर ती सांगत नाही."