पाचवा आकडा

यवतमाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नंदकिशोरभाऊंची तीस वर्षं एकाच कामात गेली. नंबराचे सुरुवातीचे आकडे पाहून फोन कोणत्या गावाकडे वळवायचा, हे मशीनला शिकवायचं. ऐकायला सोपं, पण एक आकडा हुकला की फोन चालला भलत्याच गावाला! म्हणून त्यांचा नेम होता. आकडे भरले की त्या गावात कोणाला तरी फोन लावून पाहायचा, मगच खुर्ची सोडायची. नवे पोट्टे हसत. हसोत बापडे!

त्या मंगळवारी मात्र नेम मोडला. लेक गौरीला पहाटेच बाभुळगावच्या दवाखान्यात नेलं होतं. पहिलं बाळंतपण, त्यात बीपी वाढलेला, आणि जावयाचा मोबाईल बंद. भाऊंचा जीव टांगणीला. कसेबसे पुसदचे आकडे भरले, तपासणीचा फोन काही लावला नाही. तासभर धीर धरला आणि दवाखान्याचा नंबर फिरवला.

"बोला, पेशंटचं नाव?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"गौरी. माही पोरगी. दवाखानाच ना?"

"कायचा दवाखाना! पुसदचं कृषी केंद्र आहे हे. मी भगवानराव. तासाभरापासून बाभुळगावच्या दवाखान्याचे सारे फोन माह्याच दुकानात येऊन राह्यले. पहिल्या दोघांवर खेकसलो. तिसरी बाई रडाले लागली, मंग काय करता? तिथल्या नर्सबाईचा मोबाईल मिळवला. आता मीच विचारून सांगतो. थांबा, फोन ठेवू नका."

भाऊंनी भरलेले आकडे पुन्हा पाहिले. पुसद आणि बाभुळगावच्या नंबरांचे पहिले चार आकडे सारखेच, फरक पाचव्यात. आणि पुसदसाठी त्यांनी चारच भरले होते! म्हणून बाभुळगावचे फोन पुसदला वळले, आणि दवाखान्याचे नेमके शेवटचे आकडे तेच असलेल्या या दुकानात.

"अहो भाऊ!" भगवानराव ओरडले. "पोरगी झाली! मायलेकी दोघी खुशाल. आबाजी झाले तुम्ही!"

हुश्श! भाऊंना रडूच फुटलं. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? पण राहवेना. "भगवानराव, हा घोळ माह्याच हातचा आहे. मीच आकडे चुकवले."

भगवानराव खो खो हसले. "मंग रडता कायले? आधी दुरुस्त करा, गिऱ्हाईक खोळंबलं आहे माह्यं!"

भाऊंनी पाचवा आकडा भरला, दवाखाना लावला. नर्सबाईंनी फोन गौरीच्या कानाला धरला.

"बाबा, सकाळपासून एक फोन नाही? काहून?"

"मीच अडवून ठेवलता, बेटा," भाऊ म्हणाले, आणि पलीकडून तान्ह्या नातीचं रडणं पहिल्यांदा ऐकलं.