जोतीरामतात्यांचा मधला सूर

आमच्या आष्ट्यात फौजेतून परतलेला माणूस उसाला पाणी पाजतो आणि सरहद्दीच्या गोष्टी सांगतो. जोतीरामतात्यांकडे गोष्टीच नाहीत, कारण त्यांची सगळी नोकरी पलटणीच्या बँडात गेली. तिथेही ते पुढे कधी नव्हते. पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य घेऊन ते मधला सूर वाजवायचे. गाण्याची चाल दुसरा कुणी वाजवणार, हे तिला खालून आधार देणार.

परतल्यावर त्यांनी कीबोर्ड घेतला. गल्ली जमली. तात्यांनी मन लावून वाजवलं आणि विचारलं, "वळखलं का?"

"गाणं कवा सुरू करताय, तात्या?" शेजारचा उदयसिंह म्हणाला.

चाल आपणच वाजवायची असते, हे तात्यांच्या गावीही नव्हतं. इतकी वर्षं ती बाजूचा वाजवत होता ना!

सगळ्यात जास्त लागलं त्यांच्या आईला. 'माझा जोत्या बँडात हाय' असं बनुबाईंनी भावकीत मिरवलेलं. "एवढी वर्सं बँडात, आन् आईला एक गाणं वाजवून दावता यीना," म्हातारी येताजाता म्हणायची. तात्या हसायचे, पण मग त्यांना जेवण जायचं नाही. आईनं आपलं वाजवणं एकदा तरी ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मला त्यांनी एकदा दाखवलं. सा, ग, प एकदम दाबले. मग सा आणि ग तसेच ठेवून 'प'वरचं बोट शेजारच्या 'ध'वर सरकवलं. एकच बोट हललं, पण मघाशी हसणारे सूर एकदम हळवे झाले.

"एका सुराच्या जागी दुसरा आणायचा, पर उड्या न्हाई मारायच्या," तात्या म्हणाले. "शेजारच्या घरात हळूच जावं तसं. वरच्या चालीला कळता बी कामा नये."

आमच्या गल्लीत शेजारच्या घरात हळूच कुणी जात नाही, पण मुद्दा पटला.

मग पुतणीची, रेश्माची हळद आली. जातं पुजून बायका हळद दळायला बसल्या आणि बनुबाईंनी ओवी धरली. सोप्यात तात्यांनी कीबोर्ड चालू केला.

"चाल येती का, तात्या?" उदयसिंहानं टोमणा मारलाच.

"ती आईकडं हाय."

ओवीच्या शेवटी म्हातारी एकाच सुरावर लांब थांबते. ती थांबली, आणि खाली तात्यांनी एक बोट सरकवलं. म्हातारीचा सूर तोच होता, पण त्यात सासरी निघालेली पोर दिसायला लागली. रेश्मानं पदर डोळ्यांना लावला. पुढच्या ओवीला तात्यांनी दुसरंच बोट सरकवलं. आता म्हातारी मुद्दाम जास्त थांबली, नेहमी जिथं दम संपतो त्याच्याही पुढे. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

जातं थांबलं.

"जोत्या, फौजंत बी ह्येच करत हुतास?"

"व्हय, आई."

म्हातारीनं जरा विचार केला. "मंग पुढं वाजवणाराला लय सोपं गेलं आसंल."

तात्यांनी मान हलवली.

बनुबाईंनी जात्याचा खुंटा परत धरला. "धर खालनं," त्या म्हणाल्या. "मी म्हंते."