काटा दोनच्या पुढे

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. गळ्यात शिट्टी, अंगात विटका ट्रॅकसूट आणि आवाज असा की बुडी मारलेल्या माणसालाही तळाशी ऐकू यावा. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या वयाच्या माणसांना पोहायला शिकवणं हे तिचं काम. "पाणी तुम्हाला खात नाहीये हो, तुम्हीच पाणी पिताय! तोंड मिटा!" असं ओरडत तिने भलेभले तरंगवले होते.

घरी मात्र या वाघिणीची मांजर व्हायची. भांडायची वेळ आली की ती भांडी घासायला घ्यायची. घर टेकडीच्या माथ्यावर, तलाव घराच्या पाठीमागे, आणि घरात नवरा, सासू, सासरे. सासरे निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर त्यांनी वाचनालयात शांतता राखली आणि निवृत्तीनंतर डिझेलवर चालणारी लांब डिकीची चार दारी गाडी घेऊन तिच्यातही तीच शांतता राखली. इंजिनाने आवाज चढवलेला त्यांना खपत नसे. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर, दोनच्या आकड्यापाशी, त्यांनी लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. काटा तिला शिवता कामा नये. "ओरडलं की झिजलं," असं त्यांचं म्हणणं. घरातले सगळे त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेले, त्यामुळे नियम सगळ्यांच्या पायात भिनला होता.

या लाडांचं फळ टाकीच्या वळणावर दिसे. टेकडीच्या चढात मध्यावर पाण्याची टाकी आहे आणि तिथे रस्ता अंगावर येतो. गाडी तिथे पोचली की दमेकऱ्यासारखी घरघरायची. मग नवरा म्हणायचा, "हलकं करा!" आणि उतरायचा. पाठोपाठ पाहुणे उतरायचे, मग सासूबाई पिशवी सांभाळत. हलकी झालेली गाडी कशीबशी वर जायची आणि मंडळी मागून चालत. टाकीसमोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी शेजारीण हा सोहळा चुकवत नसे.

सासरे मात्र कधी उतरले नव्हते. कप्तान कसा उतरेल? पण गाडी दिवसेंदिवस इतकी थकली की एकदा त्यांनाही उतरावं लागलं. चार पावलं चढले आणि टाकीच्या कठड्यावर बसले ते बसलेच. गुडघ्यांनी साफ नकार दिला. शेजारणीने खुर्ची धाडली, दोघांनी ती उचलली, आणि ग्रंथपालसाहेब वरातीतल्या नवरदेवासारखे घरी पोचले.

तेव्हापासून घर विकायची भाषा सुरू झाली. मोठ्या नणंदेने खाली गावात, स्वतःच्या इमारतीत, फ्लॅट शोधला. लिफ्ट होती, औषधाचं दुकान समोर होतं, नणंदही शेजारीच होती. आणखी काय हवं? रविवारी तो बघायचा आणि संध्याकाळी हो म्हणायचं, असं ठरलं. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, तो विषय नवऱ्याने आधीच मिटवला होता.

शिट्टीबाईला कुणी विचारलंच नाही. तिचा तलाव, तिची बुजरी माणसं, मागच्या दाराने पायीपायी कामावर जाण्याचं सुख, सगळं जाणार होतं. त्या रात्री भांडी इतकी घासली गेली की एका कढईचं हँडल निघालं.

दुसऱ्या दिवशी "चाकांत हवा भरून आणते" म्हणून ती गाडी घेऊन निघाली ती थेट गॅरेजात. हा गॅरेजवाला गाड्यांची ताकद वाढवून देण्याबद्दल प्रसिद्ध होता. बढाईखोर, पण कामाला चोख.

"किती पळवायचीय, मॅडम?" त्याने लॅपटॉप उघडत विचारलं.

"पळवायची नाही. चढवायचीय. पाच माणसं आणि त्यांच्या पिशव्या घेऊन, एकालाही न उतरवता."

"कोण चालवतं?"

"सासऱ्यांच्या नियमाने आम्ही सगळेच." तिने चिकटपट्टी दाखवली.

गॅरेजवाला चिकटपट्टीकडे बघत राहिला. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि बाह्या सरसावल्या. "हिची ताकद आत्ताच वाढवली तर माझं नाव खराब होईल. आधी साफसफाई, हुशारी नंतर."

इंजिन उघडल्यावर तिला आत बघायला बोलावलं. हवा आत जायच्या वाटेवर काजळीचा इतका थर होता की जेमतेम बोट जाईल एवढंच भोक उरलं होतं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोची पाती काजळीने जाम झाली होती. वर एक रबरी नळी फाटून दाबाची निम्मी हवा बाहेरच फुसफुसत होती.

"डिझेल गाडी आहे ही," तो म्हणाला. "हिला अधूनमधून दामटावी लागते, म्हणजे आतली घाण जळून जाते. तुम्ही तिला पाळण्यात घालून जोजवलंत."

"म्हणजे जपून जपून मारली."

"तुम्ही म्हणालात. मी म्हटलं असतं तर तुम्हाला राग आला असता."

काजळी खरवडली, पाती मोकळी केली, नळी बदलली, फिल्टर बदलला, आणि मग लॅपटॉप गाडीला जोडला. डिझेल किती आणि हवेचा दाब किती हे ठरवणारं गणित त्याने नव्याने मांडलं. मध्येच त्याला मोह झाला. "आणखी थोडं चढवू? सिग्नलला तरणी पोरं बघत राहतील. धुराचा फिल्टरही उपटून टाकतात लोक."

"मागच्या माणसाला धूर पाजायचा नाहीये मला. आणि क्लच?"

"जुना आहे. फार दिलं तर घसरेल."

"मग त्याला झेपेल तेवढंच द्या. तरण्या पोरांचं मी बघते."

शनिवारी संध्याकाळी ती आणि नवरा रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्या नणंदेला आणायला पायथ्याच्या बसस्टॉपवर गेले. गाडीला काय केलंय हे नवऱ्याला तिने वाटेत सांगितलं. तो आधी हबकला, मग म्हणाला, "बाबांना कळू देऊ नकोस." चढ सुरू झाला. गाडी खरंच हलकी वाटत होती. टाकीचं वळण आलं, तिने पाय दाबला, काटा चिकटपट्टीकडे सरकला, आणि नवरा ओरडला, "अगं काटा! काटा!"

तिचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी ढेपाळली. नणंद सवयीने उतरलीही.

"काय गं, गाडीचं बाळंतपण करून आणलंस का?" ती खिडकीत वाकून म्हणाली. "आधीपेक्षा नाजूक झालीय!"

गच्चीतली शेजारीण खुदकन हसली. शिट्टीबाईचे कान तापले. घरी पोचल्यावर तिने मागच्या अंगणातून गॅरेजवाल्याला फोन लावला आणि त्याला चांगलाच फैलावर घेतला.

त्याने शांतपणे विचारलं, "काटा कुठवर गेला होता, ताई?"

"दोनच्या अलीकडे."

"अहो, ताकद दोनच्या पलीकडे ठेवलीय मी! तुम्ही दारापर्यंत जाऊन परत आलात आणि म्हणताय घरात कुणी नाही!"

तिने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. एवढा खटाटोप केला आणि पाय मात्र जुनाच राहिला होता.

रविवारी पाचही जण फ्लॅट बघायला खाली गेले. फ्लॅट बरा होता. बैठकीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. सासरे त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले, जणू तिच्यावर काही छापलेलं आहे. "ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "संध्याकाळी कळवतो." नणंद खूश झाली आणि जेवायला म्हणून त्यांच्याबरोबर वर निघाली.

चढाच्या पायथ्याशी शिट्टीबाईने गाडी थांबवली. तबकडीवरची लाल पट्टी नखाने सोलली आणि दाराच्या कप्प्यातल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

"हे काय?" पुढच्या सीटवरून सासरे म्हणाले.

"बाबा, तुमची गाडी मी उघडून घेतली. न सांगता. आत काजळीचा डोंगर होता. आता साफ आहे." मग ती मागे वळली आणि घरात आजवर कुणी न ऐकलेला आवाज काढला. "आणि कुणी काटा म्हणालं तर त्याला तलावात टाकीन. खोल बाजूला!"

"मला पोहता येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच."

गाडी निघाली. टाकी दिसली तशी नवऱ्याने तोंडावर हात ठेवला. नणंदेने दाराची कडी धरली आणि एक पाय तयार ठेवला. शिट्टीबाईने दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. काटा दोनला आला. पाय सवयीने वर येऊ लागला, पण तिने तो दाबूनच धरला. काटा दोनच्या पुढे गेला आणि इंजिनाचा सूरच पालटला. खालून कुणीतरी भक्कम हाताने उचलून धरावी तशी गाडी वळणावर चढली, सगळ्यांच्या पाठी सीटला चिकटल्या, सासूबाईंची पिशवी नणंदेच्या मांडीवर गेली.

"अगं बाई, उतरायचं नाही?" नणंद किंचाळली.

"उतरा की! उतरता येत असेल तर उतरा!"

गच्चीतल्या शेजारणीच्या हातात ओली चादर होती, ती तशीच राहिली. वळणापुढे रस्ता रुंद होतो, तिथे कपाटं लादलेला ट्रक रांगत होता. चालकाने हात बाहेर काढून पुढे जायची खूण केली. या गाडीने आजवर चढावर सायकलही ओलांडली नव्हती. तिने ट्रक ओलांडला. नवऱ्याने खिडकीबाहेर डोकं काढून अशी आरोळी ठोकली की सासूबाईंनी त्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं.

घरापाशी गाडी थांबली. सगळे ग्रंथपालांकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"इतकी वर्षं मी हिला बोलूच दिलं नाही," ते म्हणाले. मग सुनेकडे वळले. "सरक. मला बघू दे."

"अहो, गुडघे!" सासूबाई म्हणाल्या.

"गुडघे चालायला लागतात. मी चालणार आहे का?"

जागांची अदलाबदल झाली. नणंदेने मागून विचारलं, "आणि फ्लॅटवाल्याला काय सांगायचं, बाबा? तो फोनची वाट बघतोय."

"सांग, लिफ्ट घरीच मिळाली."

"मीच सांगू?"

"तूच शोधलास ना?"

नणंदेने तोंड वाकडं करत फोन काढला. ग्रंथपालांनी गाडी वळवली आणि उतार धरला. नंबर सापडून, फोन लागून, फ्लॅटवाल्याची समजूत घालून होईपर्यंत गाडी पायथ्याला जाऊन पुन्हा टाकीच्या वळणावर आली होती, आणि इंजिनाच्या गर्जनेत त्या बिचाऱ्याला एकच शब्द धड ऐकू आला. नाही.