केळ्यांच्या घडांमागचा हेर

केळ्याचे वेफर्स तळल्याचा वास आला की मला माझी हेरगिरी आठवते. पिंप्राळ्यात मित्राचा छोटा कारखाना होता आणि त्याचा कुणावरच भरवसा नव्हता. "कढईवरची अक्का सगळ्या बायांना आपली हातोटी शिकवते. स्वतःचं दुकान काढणार बघ!" असं म्हणत त्यानं मला घडांमागे लपवलं. अक्का तापल्या तेलात मिठाचं पाणी शिंपडत बायांना सांगत होती, "आवाज ऐका, तडतड थांबली की काढा. उद्या मी आजारी पडले तर कढई थांबायला नको." मी मित्राला शिकवणं तेवढं रंगवून सांगितलं, त्यामागचं कारण मात्र गाळलं. त्यानं अक्काला काढलं, तिच्यामागे बायाही गेल्या आणि कारखाना दिवाळीही बघू शकला नाही. आता अक्काच्याच दुकानात ती मला मूठभर जास्त घालते. "तुमचीच कृपा, भाऊ. घडांखालून तुमच्या चपला दिसत होत्या." तेव्हापासून मलाच संशय आहे, ते आजारी पडण्याचं वाक्य तिनं बायांना ऐकवलं की मला?