हरेशदादाला होडीचा हार

आज हरेशदादाच्या फोटोला दुसऱ्यांदा हार घातला.

पहिल्यांदा घातला तेव्हा तो जिवंत होता. फ्रेमच्या आत बसून हसू दाबत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरेश्वर, दातिवऱ्याचा. समुद्रावर जाणारा माणूस. होडी किनाऱ्याला लागली, जाळी आवरली की हा जत्रेच्या नाटकाच्या तालमीला हजर. राजा, चोर, सासू, सगळं करून झालेलं.

टीव्हीवर मात्र एकदाच दिसला. एका कॉमेडी शोच्या एका एपिसोडमध्ये.

गेल्या आठवड्यात गेला. हार्ट अटॅक.

त्या शोची एक लेखिका बोईसरची. तिने जत्रेत दादाचं काम पाहिलं होतं. तिने लिहिलेलं स्किट असं: मराठी सिनेमा वारला आहे, त्याची शोकसभा भरली आहे. एकेक पाहुणा उठतो, "सिनेमा आमच्या संस्कृतीचा प्राण होता" म्हणून रडतो.

आणि त्यातल्या एकानेही सिनेमा पाहिलेला नाही.

मागे भिंतीवर हार घातलेली मोठी फ्रेम. त्या फ्रेममध्ये दिवंगत सिनेमा म्हणून बसणार हरेशदादा.

फोन आला तेव्हा मी त्याच्या ओटीवर होतो. माणूस नाचायचाच बाकी होता.

कुंदावहिनी, त्याची बायको, अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने हात पुसले आणि म्हणाली, "नाय."

"अगं, टीव्ही हाय."

"टीव्ही हाय तर हाय. दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या फोटोला हार? माज्या डोळ्यांदेखत? नाय म्हंजे नाय."

मी मध्ये पडलो. सिनेमा, समाज, श्रद्धा, अंधश्रद्धा, सगळं काढलं. वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं काय भाषण, भावजी? मग तुमच्या फोटोला घाला हार."

दादा हसला. पण चेहरा उतरला होता. या फोनची त्याने उभा जन्म वाट पाहिली होती, हे मला माहीत होतं. वहिनीला माझ्याहून जास्त.

तो भांडला नाही. "तू नाय बोललीस, तर नाय जाणार," एवढंच म्हणाला आणि फाटकं जाळं घेऊन बसला.



मग एका सकाळी वहिनीनेच त्या लेखिकेला फोन लावला.

"पोरी, तो हार कोण आणणार हाय?"

"सेटवरच आहे ना, काकी. चंदनाचा."

"तो नको. हार मी देणार. नारळी पुनवेला होडीला घालतो तसा, झेंडू आन् आंब्याची पानं. होडीला हार घालतो, ती काय मेलेली असते? हार घालतो आन् दर्यात सोडतो. तो हार चालत असंल, तर ह्यांना घेऊन जा."

चालला.

एपिसोड लागला तेव्हा अख्खं गाव टीव्हीसमोर. शेवटचा वक्ता "मृतात्म्यास शांती" म्हणाला आणि फ्रेममधला सिनेमा शिंकला. सभेची पळापळ.

दादाला लिहून दिलेलं वाक्य चांगलं पुस्तकी होतं. त्याने ते आपल्या भाषेत म्हटलं.

"मेला कोण? मी थेटरात बसलेलो. तुमीच नाय आलात. आदी तिकीट काढा, मग रडा."

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "काय वक्ते, तुमी तासभर बोलता तवा लोक जांभया देतात. मी नुसता शिंकलो."

सिनेमाला टाइमपास म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलो. यापुढेही भांडेन. समाज स्वतःकडे कसा पाहतो, हे इतिहासाच्या ग्रंथांइतकंच त्याच्या सिनेमात दिसतं.

आणि आमचा दर्याकाठचा माणूस पडद्यावर कसा दिसतो? नाचताना. रुमाल, टोपली, एक गाणं, संपलं काम.

त्याला डोकं असतं, मत असतं, तो तुम्हाला चार शब्द सुनावू शकतो, हे त्या छोट्या स्किटने दाखवलं. तेही हसवून. ज्याला हे संस्कृतीचं काम वाटत नाही, त्याने संस्कृती म्हणजे काय ते मला समोर येऊन सांगावं. मी पालघरातच असतो.

आज देवळाच्या पटांगणात दादाची शोकसभा होती. खरी.

फोटो त्या एपिसोडमधलाच. वहिनीने निवडलेला. कुणीतरी पालघरहून चंदनाचा हार आणला होता. वहिनीने तो बाजूला ठेवला आणि पिशवीतून झेंडूचा काढला. मध्ये आंब्याची पानं.

एक म्हातारे काका हळूच म्हणाले, "वयनी, हा तर होडीचा हार."

"होडीचाच हाय. त्यांना बांधून नाय ठेवायचं, काका. सोडायचं हाय."



मग तिने स्किट लावायला सांगितलं. शोकसभेत कॉमेडी कशी लावायची, म्हणून मंडळी चुळबुळली. वहिनी म्हणाली, "त्यांचंच भाषण हाय. ऐका."

दादा शिंकला. आधी पोरं हसली. मग बायका. मग काका. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर मला बोलायला उभं केलं. भाषण तयार होतं, ते खिशातच ठेवलं. एवढंच विचारलं, "रविवारी बोईसरला मराठी सिनेमा लागतोय. कोण कोण येणार?"

पहिला हात वहिनीचा.

टेम्पो ठरला आहे. एकात मावणार नाही, दुसरा बघावा लागेल.

हरेशदादा, जा निवांत.

तिकीट आम्ही काढतो.