साडूभाऊंच्या उतरवलेल्या तारा

अख्ख्या नागपुरात गिटार सुरात वाजवणारा एकच माणूस आहे आणि तो म्हणजे आपण, अशी माझ्या साडूभाऊंची प्रामाणिक समजूत आहे. बाकीचेही वाजवतात, पण बिचाऱ्यांच्या तारा चुकीच्या लावलेल्या असतात! साडूभाऊ बेसाला राहतात, मिहानमध्ये नोकरी करतात आणि उरलेला वेळ खुंट्या पिळतात. त्यांची रीत अशी, की काही तारा जराशा उतरवायच्या. मग डाव्या हाताचं एकही बोट न दाबता नुसता उजवा हात फिरवला, तरी गोड, भरलेला सूर निघतो. "उगाच बोटं काहून तोडून घ्यायची भाऊ?" असं ते मला दर भेटीत विचारतात.

भाचीच्या हळदीला ऑर्केस्ट्रातला गिटारवाला जेवायला गेला, तेवढ्यात यांनी त्याची गिटार 'सुधारून' ठेवली. तो परतला, झोकात हात मारला आणि असा काही आवाज निघाला की गायिका गाणंच विसरली. "कोणी हात लावला इले?" तो ओरडला. साडूभाऊ ताट हातात घेऊन अभिमानानं उभे राहिले. "मी. आता बरी वाजून राहिली ना?" त्या दिवशी त्यांचं जेवण अर्धंच राहिलं.

मग कामठीला आमच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं, वाचा गेली. दिवसभर भजनं म्हणणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. आम्ही फळं नेली, सल्ले नेले. साडूभाऊंनी गिटार नेली.

"भाऊजी, आईले आराम तरी करू द्या," माझी बायको वैतागली.

त्यांनी ऐकलं नाही. सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, गिटारीची मान स्वतः धरली आणि म्हणाले, "आई, इथं डाव्या हाताले कामच नाही. तुम्ही फक्त अंगठा फिरवा."

सासूबाईंनी आधी डोळे वटारले. मग, बहुधा जावयाची कटकट थांबावी म्हणून, अंगठा फिरवला. खोली सुरानं भरून गेली. त्यांनी चमकून गिटारीकडे पाहिलं, पुन्हा फिरवला, मग चांगला जोरात, आणि वाकड्या झालेल्या ओठांतून खुदकन हसल्या. बायको डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाली.

आता गिटार कामठीलाच असते आणि साडूभाऊ दर रविवारी तिथे. सासूबाईंचा हात हल्ली लवकर थकतो. त्या एखादीच तार छेडतात आणि तिचा आवाज विरेपर्यंत ऐकत राहतात. एरवी क्षणभर गप्प न बसणारे साडूभाऊ तेव्हा गिटारीची मान धरून, सासूबाई पुन्हा अंगठा उचलेपर्यंत, नुसते बसून असतात.