पुरायला जागा

आमच्या गावात माणूस मेला की त्याला कुठे न्यायचं, हे विचारावं लागत नाही. मोठ्या शेतकऱ्यांची स्मशानभूमी नाल्यापलीकडे आहे. तिथे टिनाचं शेड आहे, बसायला सिमेंटचे बाक आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या बौद्धांची जागा बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीखाली. शेड नाही, पण जागा हक्काची. पंचाईत फक्त आमच्या आठ-दहा घरांची, कारण आम्ही मधेच विश्वासी झालो, म्हणजे येशूला मानायला लागलो. जिवंत होतो तोवर कोणाला त्याचा त्रास नव्हता. दर रविवारी आमच्या पडवीत संगती भरते, ढोलक वाजते, प्रार्थना होते. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "आज लवकर आटपलं का जी?" एवढंच.

मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई वारली. गावातली पहिली विश्वासी तीच. पावसाचे दिवस होते. तिच्या लेकाने बोडीखालच्या जागेसाठी विचारलं, तर आमच्याच भाऊबंदांनी सांगितलं की तुम्ही आमच्यातून गेलात, आता तुमचं तुम्ही बघा. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या विहाराकडे आम्ही वर्षानुवर्षं फिरकलो नव्हतो. मग आम्ही सरपंचांकडे गेलो. ते ओसरीत चहा पीत होते. शांतपणे म्हणाले, "जागा द्यायची तं ठराव लागते. ठराव मांडाले मेंबर लागते. तुमचा मेंबर कोन आहे?"

आमचा मेंबर कोणीच नव्हता. कधी कोणी उभंच राहिलं नव्हतं, आणि आमच्यातले निम्मे लोक मत द्यायलाही जात नव्हते.

शेवटी छोटा हत्ती भाड्याने करून म्हातारीला गोंदियाला नेलं. तिथल्या एका जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानाच्या फाटकावर, तुम्ही आमच्या मंडळीचे नाही, म्हणून अडवलं. दिवसभर हात जोडून झाल्यावर कोपऱ्यातली एक जागा मिळाली. जिने गावातल्या अर्ध्या बायकांची बाळंतपणं केली होती, तिच्या खड्ड्याशी आम्हा विश्वासींशिवाय गावातलं कोणी नव्हतं. गाडीत तेवढी जागाच नव्हती. परत येताना मला जो राग आला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. माझा बाप शेतमजूर होता आणि पक्का बौद्ध. मतदानाच्या दिवशी तो सकाळीच आंघोळ करायचा, पांढरा सदरा घालायचा, आणि आम्हाला सांगायचा की आज आपण आणि पाटील एकाच रांगेत. मत देऊन आल्यावर तो दिवसभर कामाला जायचा नाही. आमच्याकडे तो सणच होता. मी पुढे विश्वासी झाले ती नवऱ्याच्या आजारपणात. त्याच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, तेव्हा सख्खे लोक भेटून निघून गेले आणि हे विश्वासी डबा घेऊन दवाखान्यात बसून राहिले. माझा देव बदलला, पण बापाची ती रांग काही डोक्यातून गेली नाही.

नवरा राईस मिलमध्ये मिस्त्री आहे. बरा झाल्यापासून त्याने विश्वास असा धरला की त्याला आमच्या संगतीचा वडील, म्हणजे कारभारी, नेमलं. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या नावाने वाटायच्या भाकरीची, प्लेट तोच फिरवतो. मताचं विचारलं की त्याचं एकच उत्तर असायचं, "मी माया राजा निवडला. आता दुसऱ्याले कायले निवडू?" त्याचा राजा म्हणजे येशू. यावर वाद घालता येत नाही. मी घालून पाहिला आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली एक जागा महिलांसाठी निघाली. एका पॅनलचे पुढारी माझ्या मशीनसमोर येऊन बसले. पोवार समाजाचे मोठे शेतकरी, बोलायला गोड. म्हणाले, "बाई, या वॉर्डात असं एक घर सांगा का जिथली बाई तुमच्याकडं मापाले आली नाही." मी म्हटलं, उभी राहते, पण एका अटीवर. आमच्या लोकांना पुरायला जागा. ते म्हणाले, "ठराव मीच टाइप करून आनतो."

घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. तो घास गिळून म्हणाला, "पास्टरले विचारलं का?" मी म्हटलं, "तुमाले सांगून राहिली, तेवढं पुरे नाही का?"

पास्टर गोंदियात राहतात, मूळचे छत्तीसगडचे, मोटारसायकलवर येतात. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते. ते मला म्हणाले, "बहन, एक पॅनल की हो गई तो आधे गाँव के लिए हमारा दरवाज़ा बंद हो जाएगा. अभी सबके लिए प्रार्थना करते हैं. फिर किसके लिए करेंगे?" आणि आवाज बारीक करून पुढे म्हणाले, "समय भी ठीक नहीं है. नज़र में मत आइए." पहिल्या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दुसरीवर होतं. मी म्हटलं, जिवंत माणूस नजरेआड राहू शकतो, पास्टरजी, मेलेल्याला कुठे लपवायचं? त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि निघून गेले.

अर्ज भरला. चिन्हांत शिलाई मशीन होतं, ते मी मागितलं. ते गेलं समोरच्या पॅनलच्या बाईला, जिला ब्लाऊजचं हूक लावायलाही माझ्याकडे यावं लागतं. मला कपबशी मिळाली. असो.

प्रचाराचा नारळ मारुतीच्या देवळात फुटतो. आमच्याकडे नारळ फुटल्याशिवाय प्रचार सुरू झाला असं कोणी मानत नाही, हँडबिल छापलेली असली तरी. मी पुढाऱ्यांना आधीच सांगितलं की मी फोडणार नाही. ते म्हणाले, "तुमच्या वाटनीचा मी फोडतो, तुमी नुसत्या उभ्या राहा." मी पायरीखाली उभी राहिले. सोबतच्या उमेदवार बाईने जाता जाता माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पुढाऱ्यांनी हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आणि कोणीतरी फोटो काढला. तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळच्या आत आला.

पुढच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर पास्टरनी मला सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन विचारलं. कुंकवाचं त्यांनी काही काढलं नाही, ते दुसरीने लावलं होतं. विचारलं ते खोबऱ्याचं. "बहन, आपने खाया?"

नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. पदराला बांधलं, बकरीला दिलं, काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "खाल्लं. सकाळपासून चहावर होते, आणि समोर सगळे खात होते. नारळ तो नारळ."

त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. मूर्तीपुढचं खाणं आणि प्रभूच्या मेजावरचं खाणं दोन्ही एका तोंडाने होत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मी चूक कबूल करेपर्यंत भाकर घ्यायची नाही, असं ठरलं. पडवीत पुरुष एका बाजूच्या चटईवर बसतात, बायका दुसऱ्या. नवरा प्लेट घेऊन बायकांच्या ओळीतून आला. माझ्या आधीच्या बाईने तुकडा उचलला. मग प्लेट माझ्यासमोरून पुढे गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी त्याच माणसाला मी वरण-भात वाढला, आणि त्याने तो मुकाट्याने खाल्ला. मी बोलले नाही. मी न बोलणं हे आमच्या घरात वादळापेक्षा वाईट समजतात.

बोलायची वेळ त्याच आठवड्यात आली. नवरा मिलमधून येताना पानठेल्यावर थांबला. तिथे समोरच्या पॅनलचा एक माणूस होता. त्याने चारचौघांत हसत हसत विचारलं, "का मिस्त्री, घरवालीले तं मत देसान ना?"

नवऱ्याने सांगितलं, "मी कोनालेच मत देत नाही."

झालं. दिवा लागायच्या आत साऱ्या वॉर्डात एकच गोष्ट, हिला घरवालाच मत देत नाही, तुमी कायले देता. आमचे पुढारी येऊन कपाळाला हात लावून बसले. संगतीतल्या बाकीच्यांनीही नवऱ्यासारखंच खरं सांगून ठेवलं होतं. आमच्या गावात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पॅनलला लोक "हो, तुमालेच" म्हणून मोकळे होतात. उमेदवारालाही ठाऊक असतं, तो चहा पिऊन पुढे जातो. आमच्या विश्वासींना मात्र खोटं चालत नाही. त्यांनी दारात आलेल्याला सरळ सांगितलं, की अजून प्रार्थना चालू आहे, देवाने काही सांगितलं नाही. असे मतदार देव कोणा उमेदवाराला न देवो.

"तुमाले चूप राहता आलं नसतं का?" मी नवऱ्याला विचारलं.

"त्यानं विचारलं."

"हासून सोडून द्यायचं होतं."

"हासलो असतो तं त्याले वाटलं असतं का देतो."

"वाटलं असतं तं काय बिघडलं असतं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मी रागाने मशीनवर बसले आणि एक अख्खी बाही उलटी शिवली.

मतदानाच्या दिवशी मी आंघोळ करून पांढरं पातळ नेसले. नवऱ्याने मला मोटारसायकलवर शाळेपर्यंत सोडलं आणि बोअरिंगजवळ उभा राहिला. आत गेला नाही. मी बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. तो मला घरी घेऊन आला आणि कामावर गेला.

मी थोडक्या मतांनी निवडून आले. कशी, ते बरेच दिवस कळलं नाही. मग एक गिऱ्हाईक माप देता देता म्हणाली, "ज्या घरी नवरा बायकोसाठीबी खोटं बोलत नाही, त्या घरच्या बाईनं रस्त्याचा पैसा खाल्ला तं तोच पानठेल्यावर सांगून देईन. आमी सगड्यांनी म्हटलं, हेच बरं." मी हसले, पण घरी हे सांगायला मला वेळ लागला. त्या निकालाच्या दिवशी मी गुलालाने माखून आले तेव्हा नवऱ्याने न सांगता पाणी तापवून ठेवलं होतं.

जागेसाठी वर्षाच्या वर गेलं. पहिली दाखवली ती कागदावर झुडपी जंगल निघाली, तिथे ग्रामपंचायतीला हात लावता येत नाही. दुसरीवर कोणाची तरी तूर उभी होती. शेवटी वीटभट्टीच्या रस्त्याला मुरमाड तुकडा मिळाला, जो फुकट दिला तरी कोणी घेतला नसता. पुढाऱ्यांनी शब्द पाळला. ठराव मी मांडला, आणि हात वर करणाऱ्यांत आमच्या बोडीकडच्या भाऊबंदांचा मेंबरही होता.

जागा ताब्यात आली तेव्हा पास्टरनी तिथे प्रार्थना केली. सरकारसाठी, तहसीलदारांसाठी, सरपंचांसाठी देवाचे आभार मानले. मी हात बांधून मागे उभी होते. आमच्या संगतीत ढोलक वाजवणारा भाऊ थंडीत गेला, त्याला पहिल्यांदा तिथे पुरलं. मुरूम इतका कडक की खड्ड्याला बोडीकडची पोरंही कुदळ घेऊन आली. या वेळी गाव पायी आलं. नाल्यापलीकडचे शेतकरी आले, समोरच्या पॅनलची बाईसुद्धा आली. ढोलकवाल्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

त्यानंतर पास्टर आमच्याकडे जेवायला थांबले. जेवण झाल्यावर म्हणाले की पुरे झालं, बहनने आता मेजावर परत यावं. येत्या रविवारी उभं राहून एवढंच म्हणायचं की माझी चूक झाली, आणि प्रभूची क्षमा मागायची. बाकी कोणी काही विचारणार नाही. त्यांच्या बोलण्यात माया होती. ते गेल्यावर नवरा म्हणाला, "म्हन एकदा. एका मिनिटाचं काम आहे." त्याच्या आवाजात विनवणी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो आवाज मी ऐकला नव्हता.

मला भाकर हवी होती. ती हवी नाही असं मी कधीच म्हटलं नाही. दर रविवारी ती समोरून जाते तेव्हा मला अजून भूक लागते. पण मी डोळ्यांसमोर सगळं आणून पाहिलं. फाटकावर थांबलेली म्हातारी, नारळ, ठराव, कुदळ घेऊन आलेली पोरं. यातलं काय चुकलं म्हणू ते मला सापडेना.

"चूक झाली असं मले वाटत नाही," मी म्हटलं. "तरी म्हनू का?"

तो भिंतीकडे तोंड करून निजला. झोपला नव्हता.

रविवारी मी उभी राहिले नाही. गाणी झाली, वचन झालं. प्रभुभोजनाच्या वेळी नवरा उठायला हवा होता, तो उठलाच नाही. पास्टरनी वाट पाहिली, मग मेलेल्या ढोलकवाल्याच्या मुलाला खूण केली. त्याने प्लेट उचलली. पुरुषांच्या ओळीत ती नवऱ्यासमोर आली तेव्हा त्याने मान हलवली आणि ती पुढे जाऊ दिली.

मला त्याचा संताप आला. सगळे गेल्यावर मी चटया गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "मायासाठी उपाशी राहाची काही गरज नाही. तुमी तुमचं घेत जा."

"तुयासाठी नाही," तो म्हणाला. त्याने माझ्या हातातली चटई घेतली. "मी घेतली असती तं त्याचा मतलब झाला असता का तू चुकली. अन् मले तसं वाटत नाही."